हमदुल्लाच्या स्पूलवरचं शेवटचं कडवं

१

काशीदच्या त्या बंगल्यात रविवारी दुपारी जमलेल्या माणसांपैकी एकालाही दुसऱ्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. तरी सगळी वेळेआधी हजर होती. भांडण म्हटलं की आपल्याकडे कुणाला उशीर होत नाही, हे क्रांती म्हात्रेंना नोकरीतच कळलं होतं. त्या अलिबागच्या कोर्टात बेलीफ होत्या. लोकांच्या दारात उभं राहून समन्स बजावायचं, जप्तीचा हुकूम वाचून दाखवायचा आणि शिव्या खाऊन परत यायचं, यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्या तरी माणगावपासून मुरूडपर्यंत त्यांना बघून कुणी "या, बसा" म्हणत नसे.

म्हणूनच तर त्यांना इथे बोलावलं होतं. दोन नाच मंडळांचं पिढीजात वैर, एकानं सुचवलेला पंच दुसऱ्याला चालेना. शेवटी क्रांतीबाईंच्या नावावर एकमत झालं, कारण दोघांनाही त्या सारख्याच नकोशा होत्या. बाईंना यात अपमान वाटला नाही. उलट जरा बरंच वाटलं.

भांडण एका गाण्याचं होतं. प्रीतम शाहिरानं शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन मंडळांच्या सवाल-जबाबाच्या, सामन्यात ‘सांग शाहिरा मजला, ओहोटी कुणाची लेक’ असा सवाल टाकला, कुणीतरी तो मोबाईलवर चढवला आणि बघता बघता पोराटोरांच्या तोंडी झाला. प्रीतम म्हणे, गाणं माझ्या आज्याचं. माणगावकडच्या मंडळाचा म्होरक्या कान्हा म्हणे, माझ्या काकाचं, अंबाजी शाहिराचं, तुझ्या आज्यानं चोरलं. अंबाजीच्या नावाची कमान गावाच्या वेशीवर उभी करायचं कान्हाच्या मंडळानं ठरवून टाकलं होतं. पुरावा मात्र कुणाकडेच नव्हता.

तो सापडला एका माळ्यावर. आणीबाणीच्या साली कुवेतहून रजेवर आलेल्या हमदुल्लानं माणगावच्या बाजारातला एक सामना आपल्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतला होता. कॅसेटच्या आधीचा, दोन मोठ्या चकत्यांवर फीत गुंडाळणारा, स्पूलवाला टेपरेकॉर्डर. हमदुल्ला गेला, यंत्र धूळ खात पडलं. गेल्या महिन्यात त्याचा नातू कैस यानं ते स्पुलांच्या खोक्यासकट अलिबागच्या हर्षदला विकून टाकलं. हर्षदचा धंदाच तो. असली यंत्रं घ्यायची, सडलेले रबरी पट्टे बदलायचे, फीत वाचणारे हेड घासूनपुसून लख्ख करायचे आणि बंगलेवाल्यांना विकायची. खोक्यातल्या एका स्पूलवर त्याला अंबाजीचा आवाज ऐकू आला. फितीची भुकटी झडतेय म्हणून त्यानं सुरुवातच ऐकली आणि थांबला.

आता ते स्पूल रुचिकाबाईंच्या दिवाणखान्यात, त्यांच्या चकचकीत डेकवर, म्हणजे स्पूल वाजवणाऱ्या यंत्रावर, चढलं होतं. रुचिकाबाईंना छापील लेबलांच्या जुन्या परदेशी स्पुलांचा नाद. भिंतभर खोकी लावलेली. अंबाजीचं रेकॉर्डिंग जगापुढे आणायचं श्रेय आपल्याला मिळावं म्हणून त्यांनी हा कार्यक्रम घरी मांडला होता.

पुढच्याच खुर्चीत अंबाजीची विधवा रंगूबाई पदर घट्ट ओढून बसल्या होत्या. वय सत्तरीपलीकडचं, चेहरा चिंचेच्या बोटकासारखा सुकलेला, पण नजर यंत्रावर खिळलेली.

चकत्या फिरू लागल्या. डाव्या स्पीकरमधून आधी गर्दीचा कालवा आला, मग ढोलकी, आणि मग अंबाजीचा खणखणीत गळा. कडव्यामागून कडवं सरलं. प्रीतमचा चेहरा उतरत गेला, कान्हाची मान ताठ होत गेली. शेवटच्या कडव्याला सुरुवात होणार, तोच स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज आला.

मग काहीच नाही. चकत्या फिरत होत्या आणि नुसती सळसळ ऐकू येत होती. थोड्या वेळानं पुन्हा ‘टक्’ झालं आणि एकदम समोरच्या बाजूचा जबाब सुरू झाला. मधलं कडवंच गायब होतं.

रंगूबाई उठून उभ्या राहिल्या. "बाकीचं गाणं मला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "मी त्या कडव्यासाठीच आलेली. तेवढंच कुनी खाल्लं?"

२

पुढे जो गोंधळ झाला, तो सामन्यालाही लाजवील असा होता.

"नाव कुठाय?" प्रीतमला कंठ फुटला. "शेवटच्या कडव्यात शाहीर नाव घालतो का न्हाय? नाव न्हाय तर गानं कुनाचं? आमच्या आज्याचंच गानं उलटवून मारायला अंबाजीनं म्हटलं असंल!"

यात तथ्य होतं, हीच तर गोम. सामन्यात समोरच्याचं गाणं त्याच्याच तोंडावर उलटवायची रीत आहे. गाणं कुणाच्या गळ्यातून आलं याला किंमत नाही. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, गाणं त्याचं.

"तूच पुसलंस, भामट्या!" कान्हा अंगावर धावला. "काकानं ढोलकी थांबवून म्हटलेलं कडवं हाय ते! आन् नाव न्हाय म्हंतोस?"

"हात लाव, मग बघतो तुला!"

क्रांतीबाई मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसती नजर फिरवली. जप्तीच्या वेळी दारात आडवे येणारे लोक याच नजरेनं बाजूला होत. दोघेही दोन पावलं मागे सरले.

"हर्षद, फीत जुनी होऊन आवाज गेला असेल का?"

हर्षदनं तोंड वाकडं केलं. त्याला असले प्रश्न विचारलेले खपत नसत. "मी तपासल्याशिवाय कुठली फीत चढवत नाही. जुनी फीत फरफरते, दबते, पण अशी कापल्यासारखी गप्प होत नाही. दोन्ही टोकांना ‘टक्’ ऐकलंत ना? कुणीतरी रेकॉर्डचं बटण दाबलंय, आत कुठलाच आवाज न सोडता तेवढा तुकडा पुसलाय आणि बटण सोडलंय. आणि हे चुकून झालेलं नाही. कडवं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ऐकून, नेमकं केलंय."

"तुमच्याकडेच तर होतं इतके दिवस," रुचिकाबाई म्हणाल्या. त्यांचा कार्यक्रम बोंबलला होता आणि खापर फोडायला डोकं हवं होतं. "आय मीन, तुम्हालाच ही मशीन्स कळतात."

"आणि मी माझाच माल स्वतःच्या हातानं मातीमोल करीन? अक्कल बाजारात मिळत असती तर तुम्हाला भेट दिली असती."

क्रांतीबाईंनी स्पूल उतरवून घेतलं, खोक्यात घातलं आणि खोकं आपल्या पिशवीत टाकलं. "कुणी जायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी एकेकाशी बोलणार आहे. ज्याला घाई आहे, त्याच्याशी सगळ्यात शेवटी."

प्रीतम जोरात हसला. कान्हा मात्र हसला नाही. तो खिडकीतून बाहेर बघत होता, आणि बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

३

रुचिकाबाईंशी बोलणं स्वयंपाकघरात झालं. हर्षदनं स्पूल शुक्रवारी आणून दिलं. त्यांच्या घरात एसी असतो, फितीला ओल लागत नाही, असं त्याचं म्हणणं. शनिवारी त्या पाहुण्यांना आणायला मांडव्याच्या जेट्टीवर गेल्या आणि बोट उशिरा आली. घर कामवाल्या सखुबाईच्या भरवशावर उघडं होतं.

"आणि डेक?"

"डेक लावलेला होता. बटणं तर लहान मूलसुद्धा दाबेल. पण मला कशाला दोष देताय? माझं नाव खराब झालंय इथे!"

सखुबाई कांदा चिरत होती. तिला विचारलं तर तिनं सुरी न थांबवता सांगितलं, "शनवारी तिघं आली. हा प्रीतम आला, कुठला स्पीकर कुनाच्या बाजूला ते बघून, मला दोन शब्द सुनावून उभ्या उभ्या गेला. ती तैयबा आली. फाटकातच उभी ऱ्हाऊन आमच्या बाईंना शिव्या देऊन गेली. आन् ह्यो कान्हा. त्यानं खुर्च्या आनल्या, वायरी लावल्या. त्याचाच मांडव-साऊंडचा धंदा न्हाय का? ऱ्हायला बराच वेळ. मी मागं मासळी साफ करत हुते."

"गाणं वाजलं का काही?"

"वायरी लावताना काय काय वाजतंच की. मी लक्ष न्हाय दिलं."

तैयबा ही हमदुल्लाची मुलगी. पुढच्याच गावात राहणारी. भाच्यानं, कैसनं, परस्पर यंत्र विकलं म्हणून तिनं हर्षदच्या दुकानात जाऊन तमाशा केला होता आणि दुरुस्त झालेलं यंत्र उचलून घरी आणलं होतं. स्पुलांचं खोकं मात्र हर्षदकडेच राहिलं होतं.

प्रीतमनं उत्तर द्यायला बसायचंही नाकारलं. "ओ बाई, माझ्या नावानं शंख करताय सगळे. मला फायदा झाला, म्हणून मीच चोर?"

"फायदा झाला हे कबूल आहे ना?"

"झाला की! पन सांगून ठेवतो, मला जर त्या फितीला हात लावता आला असता ना," तो पुढे वाकला, "तर मी एक कडवं पुसलं नसतं. सगळा अंबाजी पुसला असता."

उद्धट माणूस. पण तो खरं बोलतोय, हे क्रांतीबाईंना त्याच्या तोंडावरूनच दिसलं, आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

४

बरोबरच होतं की! प्रीतमच्या बाजूच्या कुणाला स्पूलपाशी पोचता आलं असतं, तर त्यानं पुरं गाणं साफ केलं असतं. पुराव्याला जागाच ठेवली नसती. पुसणाऱ्यानं अंबाजीचा आवाज जपला, गाणं जपलं आणि नेमकं नाव काढून टाकलं. म्हणजे त्याला गाणं अंबाजीचंच हवं होतं. फक्त कडव्यात जे नाव होतं, ते नको होतं.

मग त्या कडव्यात होतं तरी कुणाचं नाव?

रंगूबाई ओटीवर, समुद्राकडे पाठ करून बसल्या होत्या. क्रांतीबाई शेजारी टेकल्या. म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, तुम्हाला तेच कडवं का ऐकायचं होतं?"

"तुला कशाला सांगू? तू माझ्या दिराच्या दारात समन्स चिकटवून गेलेलीस."

"गेले होते. कोर्टानं उद्या सांगितलं तर तुमच्याही दारात येईन. पण आज मला त्या कडव्याचा चोर हवाय."

रंगूबाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडायला सुरुवात केली. आत काही नव्हतं, नुसता हाताला चाळा.

"गानं माझं हाय," त्या म्हणाल्या. "मी बांधलेलं. भात झोडता झोडता बांधलं. ह्यांचा गळा चांगला, पन बोल सुचायचं न्हाईत. बायकांनी सामन्याला जायची चाल नव्हती तवा. मी घरी. हे परत आलं ते डोळं चमकत हुतं. म्हनलं, रंगू, शेवटच्या कडव्याला मी ढोलकी थांबवली, तुझं नाव सगळ्यांला नीट ऐकू जावं म्हनून. आन् हमदुल्ला मोठ्यांदा वरडला, ‘वाह भाभी!’ मी आपली चुलीपुढं बसून रडले."

"मग पुढे?"

"फुडं काय! मंडळातल्या मोठ्यांनी ह्यांची खरडपट्टी काढली. बायकोचं बोल घेऊन सामन्याला उतरतो, समोरचे टिंगल करतील, मंडळातनं काढू. परत कधी नाव घेतलं न्हाय ह्यांनी. गुरूचं नाव घालून म्हनायचे." त्यांचा आवाज कोरडा होता. राग पन्नास वर्षं उन्हात वाळवला की असाच कोरडा होतो. "एकदाच घेतलं हुतं माझं नाव. मला ते ऐकायचं हुतं. मेल्याआधी."

क्रांतीबाईंनी कामाचं विचारलं. "ढोलकी थांबवल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुनाला न्हाय. सांगून कोन ऐकनार हुतं?"

५

आता चोर जवळपास हातात होता. पण क्रांतीबाईंना चोरापेक्षा ऐवज महत्त्वाचा. नोकरीभर त्या तेच शिकल्या होत्या. माणसाला बोल लावून माल परत येत नाही. आणि इथला माल तर पुसला गेला होता.

हर्षद अंगणात सिगारेट ओढत होता. त्याला चोर ठरवलं गेल्यापासून तो सगळ्यांवर फुरंगटला होता.

"पुसलेलं परत आणता येतं?"

"नाही."

"जप्तीला गेलं की आम्ही घर मागच्या बाजूनंही बघतो. या फितीला मागची बाजू असते का?"

"असते. खोक्यावर लिहिलंय, दुसरी बाजू कोरी." त्यानं धूर सोडला. "बाई, फितीची रुंदी म्हणजे एक रस्ता धरा. रुचिकाबाईंचं यंत्र त्या रस्त्याच्या चार गल्ल्या करतं. एका वेळी पहिलीत आणि तिसरीत वाजवतं. स्पूल उलटं घातलं की उरलेल्या दोन गल्ल्या. तुमच्या हमदुल्लाचं यंत्र जुनं, रुंद तोंडाचं, म्हणजे रुंद हेडचं. ते दोनच भाग करतं, अर्धा रस्ता एका बाजूला..."

तो बोलता बोलता थांबला. सिगारेट तशीच हातात जळत राहिली.

"काय झालं?"

"मी गाढव आहे," हर्षद म्हणाला. हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदाच बोलत असावा, कारण त्याला स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला. "हमदुल्लाच्या यंत्रानं अंबाजीचा आवाज अर्ध्या रस्त्यावर भरला. म्हणजे पहिल्या गल्लीत आणि दुसऱ्या गल्लीतही! पुसणाऱ्यानं रुचिकाबाईंच्या यंत्रावर पुसलं असेल, तर त्याचा झाडू फक्त पहिल्या आणि तिसऱ्या गल्लीतून फिरला. दुसऱ्या गल्लीला तो शिवलाच नाही."

"म्हणजे कडवं तिथे आहे?"

"असेल. याच यंत्रावर पुसलं असेल तरच. माझ्या दुकानात सध्या चालू असलेलं यंत्र रुंद तोंडाचं आहे. मी किंवा तैयबानं रुंद यंत्रावर पुसलं असतं, तर काही उरलं नसतं. लोहचुंबक फिरवलं असतं तरी नाही."

"आणि ऐकायचं कसं?"

"रुंद तोंडाच्या यंत्रावर. तो आख्खा अर्धा रस्ता एकदम वाचतो. माझं यंत्र अलिबागला आहे, पण पट्टे नवे घातलेलं आणि हेड साफ केलेलं एक इथूनच जवळ आहे." त्यानं सिगारेट पायाखाली चिरडली. "पण तिथून मला चपलेनं हाकललंय."

क्रांतीबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "हाकललेल्या दारात परत जायची मला सवय आहे. सगळ्यांना गाडीत बसवा. कान्हाला माझ्या शेजारी."

६

तैयबानं दार उघडलं आणि क्रांतीबाईंना बघताच परत लोटायला घेतलं.

"तुम्ही? अब्बाच्या मयतीला लोक जमलेले असताना भिंतीच्या केसचं समन्स देऊन गेलेल्या तुम्ही! आणि हा चोर हर्षदपण बरोबर? अल्ला की कसम, आत पाय ठेवला तर बघा. मशीन देणार नाही मी."

"मशीन न्यायचं नाही. इथेच लावायचंय."

"का लावू? तुमच्या गाण्याशी मला काय देणंघेणं?"

क्रांतीबाईंकडे उत्तर होतं, पण ते द्यायची वेळ आली नाही. मागून रंगूबाई पुढे आल्या. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"पोरी, त्या पुसलेल्या कडव्यात तुझा बाप वरडलाय. ‘वाह भाभी’ म्हनून. मला माझं नाव ऐकायचंय. तुला बाप ऐकायचा न्हाय?"

तैयबा त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती दारातून बाजूला झाली.

पडवीत जुन्या मेजावर यंत्र ठेवलेलं होतं. वर विणलेला रुमाल. हर्षदनं रुमाल काढला, फीत हेडमधून ओवली, कडव्याच्या आधीची जागा शोधली. प्रीतम भिंतीला टेकून उभा, हाताची घडी घातलेली. कान्हा दारापाशी रेंगाळला, तर क्रांतीबाईंनी त्याला मेजाजवळ बसवलं.

बटण दाबलं. अंबाजीचा गळा, ढोलकी, गर्दी. मग तो ‘टक्’. आवाज एकदम खाली गेला, पण संपला नाही. बंद दारामागून कुणी गावं तसा तो बारीक झाला. आणि ढोलकी थांबली.

सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

*अंबाजी नुसता गळा, बोल रंगूचे एकेक...*

लगेच माईकच्या अगदी जवळून एक भरदार आवाज आला, आनंदानं फुटलेला: "वाह भाभी! वाह!" आणि पुन्हा ‘टक्’.

तैयबानं ओढणी तोंडावर दाबली आणि ती यंत्रापाशी जाऊन बसली. रंगूबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"आमच्यात म्हनायचे," प्रीतम हळूच बोलला, "अंबाजी बायकोचा पदर धरून गातो. मला वाटायचं, नुसती टिंगल." त्याची घडी सुटली होती. त्याचा दावा गेला होता आणि त्याला ते कळलं होतं.

क्रांतीबाई कान्हाकडे वळल्या. "कडवं शिल्लक राहिलं, म्हणजे ते रुचिकाबाईंच्या यंत्रावर पुसलं गेलं. म्हणजे शनिवारी. शनिवारी तैयबा फाटकाच्या आत आली नाही. प्रीतम उभ्या उभ्या गेला, आणि त्याला पुसायचंच असतं तर सगळं गाणं पुसलं असतं. रुचिकाबाई मांडव्याला होत्या. यंत्राजवळ एकटे होतात तुम्ही."

"मी वायरी लावत होतो! उगाच काय पन?"

"आज भांडताना तुम्ही म्हणालात, काकानं ढोलकी थांबवून म्हटलेलं कडवं. तुमच्या जन्माआधीचा सामना. ढोलकी थांबली ती फक्त त्या पुसलेल्या तुकड्यात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

कान्हानं इकडेतिकडे बघितलं. सगळ्या नजरा त्याच्यावर होत्या. "काकीनं," तो म्हणाला. "काकीनंच सांगितलेलं. विचारा."

त्याला वाटलं असावं, घरची म्हातारी आहे, सांभाळून घेईल.

"मी?" रंगूबाई म्हणाल्या. "मी जन्मात कुनाला सांगितलं न्हाय."

कान्हाचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो एकदम उसळला.

"मग काय करनार हुतो मी? स्पीकर बघायला म्हनून लावलं, आन् हे ऐकलं! कमान उभी ऱ्हातेय काकाच्या नावाची. आख्ख्या मंडळानं शाहीर म्हनून पुजला त्याला. आन् त्योच म्हंतो, मी नुसता गळा? सामन्यात आमाला कोन उभं करंल? लोक हसतील, काकी! बायकोचं गानं म्हनतात म्हनून हसतील!"

"ते त्याला हसलेच," रंगूबाई म्हणाल्या. "म्हनूनच तर त्यानं परत नाव घेतलं न्हाय. एकदाच छाती झाली त्याची. तेवढं एकदाचंपन तू पुसलंस."

"काकी, चूक झाली..." तो त्यांच्या पायाशी वाकला.

रंगूबाईंनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया पडू नगं. कमान पाड, नायतर ठेव, मला तिचं काय करायचंय? फुडच्या सामन्याला तू हे गानं म्हननार. शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबवायची आन् हे कडवं असंच म्हनायचं."

"सगळ्यांसमोर?"

"त्यानं सगळ्यांसमोरच म्हटलेलं. म्हन आत्ता. ऐकू दे कसं म्हंतोस ते."

कान्हानं क्रांतीबाईंकडे बघितलं, प्रीतमकडे बघितलं. कुणी मदतीला आलं नाही. त्यानं घसा खाकरला आणि सुरू केलं. गळा चांगला होता, घराण्याचाच. पण नावापाशी येताच तो अडखळला आणि शब्द पुटपुटल्यासारखे तोंडातच विरले.

"परत," रंगूबाई म्हणाल्या.

तो परत म्हणाला. या वेळी नाव ऐकू आलं, पण घाईघाईनं, उरकल्यासारखं.

"परत."

क्रांती म्हात्रेंनी आयुष्यभर कागद हातात दिला की पाठ फिरवली होती. दारात उभं राहून पुढचं बघायचं नाही, हा त्यांचा नियम. आज त्या तैयबाच्या पडवीत खुर्ची ओढून बसल्या. तैयबानं न विचारता त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मेजावर यंत्राच्या चकत्या थांबल्या होत्या.

"परत म्हन," म्हातारी म्हणाली. "रंगू म्हनताना मान वर कर."